आमवाताच्या प्राणी-मॉडेलमध्ये वायुमार्गाच्या ऊतींत दिसणारे बदल : कशाला रोग म्हणायचे?

ऊतीवाचक (धागाकर्ता) :

प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या ऊतींच्या स्लाइड वाचणे हे माझे रोजचे काम आहे. आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, प्रयोगांतून माझ्याकडे आजवर फक्त पंजे आणि गुडघे येत असत. सांध्याचे अस्तर किती सुजले, कास्थी किती झिजली, हाड कुठे कुरतडले गेले याची श्रेणी लावून दिली की माझे काम संपे. गेल्या काही खेपांपासून त्याच प्राण्यांची फुफ्फुसेही येऊ लागली आहेत आणि सोबतच्या कागदावर एकच ओळ असते : 'वायुमार्गातील बदल नोंदवावेत.' ही ओळ लिहायला सोपी आहे. पाळताना मात्र मी रोज अडखळतो, म्हणून हा धागा काढला आहे.

आमवात सांध्यांचा रोग म्हणून ओळखला जात असला तरी तो सर्व शरीराचा रोग आहे आणि सांध्यांबाहेर तो ज्या अवयवांना गाठतो त्यांत फुफ्फुस फार वरच्या क्रमांकावर आहे. फुफ्फुसातही दोन जागा वेगळ्या धरायला हव्यात. एक वायुकोशांच्या भिंतींमधील आंतरस्थ ऊती आणि दुसरी हवा वाहून नेणारी नळ्यांची मालिका, म्हणजे श्वासनलिका, श्वसनी आणि श्वसनिका. पहिल्या जागेतील तंतुमयता, म्हणजे व्रणासारखी ऊती साचणे, रुग्णाच्या जिवावर बेतते, त्यामुळे तिच्यावर पुष्कळ काम झाले आहे. दुसरी जागा काहीशी दुर्लक्षित राहिली आणि प्राणी-मॉडेलमध्ये तर ती बहुधा 'फुफ्फुसात दाह दिसला' एवढ्या वाक्यात गुंडाळली जाते.

माझ्याकडे येणारे मॉडेल म्हणजे कोलॅजन टोचून निर्माण केलेला संधिवात. १९७७ साली रॅटमध्ये आणि १९८० साली डीबीए/१ जातीच्या माउसमध्ये तो प्रथम दाखवला गेला. (माउस आणि रॅट या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, येथे गोंधळ नको म्हणून मी ही नावे तशीच ठेवली आहेत.) कास्थीतील दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन तेलकट ॲडज्युव्हंटमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या मिश्रणात, घोटून शेपटीच्या मुळाशी टोचतात, एकविसाव्या दिवशी दुसरी मात्रा देतात आणि त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत पंजे सुजू लागतात.

आता मला काय दिसते ते सांगतो. एका श्वसनिकेचा जवळजवळ गोल छेद आहे. आतल्या बाजूस अभिस्तर पेशींची एकेरी रांग आहे. तिच्यातील घुमटासारखे डोके वर काढलेल्या क्लब पेशी ओळखू येतात. मात्र घड्याळातील चार ते सात या आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात ही रांग दाटलेली आहे, पेशी उंच झाल्या आहेत आणि दोन-तीन पेशी पीएएस या श्लेष्मा दाखवणाऱ्या रंजनात किरमिजी झाल्या आहेत, म्हणजे तेथे श्लेष्मा साठला आहे. त्याच पट्ट्याच्या बाहेर, श्वसनिका आणि सोबतची धमनी यांच्या बेचक्यात, लसिकापेशींचा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा, एक गठ्ठा आहे. तंतुमय ऊती निळी दाखवणाऱ्या ट्रायक्रोम रंजनात श्वसनिकेभोवतीची निळी कड मला जाड वाटते, पण शेजारच्या नियंत्रण गटातील, म्हणजे रोग न दिलेल्या प्राण्याची, स्लाइड लावली की तीही तितकीच जाड वाटू लागते.

माझा प्रश्न असा की यातील कोणता बदल आमवाताचा, कोणता टोचलेल्या तेलाचा, कोणता त्या प्राण्याच्या जातीचा आणि कोणता माझ्या डोळ्यांचा? ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे.


पिंजरा_क्रमांक_सात :

प्रश्न योग्य जागी विचारला आहे. मी प्रयोगशाळेतील प्राण्यांचा पशुवैद्यक आहे आणि माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की प्राणी कोणता. वायुमार्गाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढचे एक वाक्यही लिहू नये, असे माझे मत आहे.

लसिकापेशींचा जो गठ्ठा आपण वर्णन केला आहे, तो रॅटमध्ये असेल तर दचकण्याचे कारण नाही. रॅट आणि ससा यांच्या श्वसनींच्या दुभाजनापाशी लसिकाभ ऊती निरोगी अवस्थेतही असते. ती त्यांच्या शरीररचनेचाच भाग आहे. माउसमध्ये, विशेषतः रोगजंतुमुक्त वातावरणात वाढलेल्या माउसमध्ये, ती जवळजवळ नसते आणि दाह झाल्यावर नव्याने तयार होते. म्हणून तोच गठ्ठा माउसमध्ये बातमी आहे आणि रॅटमध्ये केवळ हजेरी आहे. रॅटमध्ये 'गठ्ठा आहे' या नोंदीला अर्थ नाही. तो नियंत्रण गटापेक्षा किती मोठा आहे, त्यात जननकेंद्रे (लसिकापेशी वेगाने वाढण्याच्या जागा) तयार झाली आहेत का, त्याच्यावरील अभिस्तर बदलला आहे का, एवढेच विचारता येते.

दुसरी गोष्ट संसर्गाची. रॅटच्या फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांभोवती लसिकापेशींची कडी दिसत असत आणि त्यामागे एक अज्ञात विषाणू आहे असे कित्येक वर्षे मानले जात होते. त्या विषाणूला नावसुद्धा दिले गेले होते. २०११ साली हे स्पष्ट झाले की त्या खुणा न्यूमोसिस्टिस कॅरिनी या बुरशीच्या होत्या. ज्यांनी त्या काळात त्या खुणा आपल्या प्रयोगाच्या खात्यावर जमा केल्या, त्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जीवाणू तर श्वसनींचे अस्तर जाड करणे, श्लेष्मा वाढवणे, लसिकाभ ऊती फुगवणे हे सर्व एकटा करतो आणि त्याला आमवाताची गरज नसते. प्राणिगृहाचा आरोग्य अहवाल स्लाइडच्या पेटीसोबत मागवून घ्यावा.

तिसरी गोष्ट तेलाची. फ्रॉइंडचे पूर्ण ॲडज्युव्हंट म्हणजे खनिज तेल आणि त्यात मारून मिसळलेले क्षयाचे जीवाणू. ते शेपटीच्या मुळाशी टोचले तरी तेथेच राहते असे समजू नये. फुफ्फुसात तेलाच्या पोकळ्या असलेल्या दाहगाठी त्याने होऊ शकतात. त्यामुळे 'काहीही न टोचलेला' गट हा येथे पुरेसा नियंत्रण गट नाही. कोलॅजनशिवाय नुसते ॲडज्युव्हंट दिलेला गट हवाच. रॅटमध्ये हा रोग जीवाणूविरहित, अपूर्ण ॲडज्युव्हंटनेही निर्माण करता येतो, त्यामुळे तेथे निदान जीवाणूंचा वाटा वगळण्याची सोय आहे. तेल मात्र दोन्हींत राहतेच.

जाता जाता आणखी एक. प्राणी कार्बन डायऑक्साइडने मारला असेल तर वायुकोशांत रक्तस्राव दिसू शकतो. त्याचा रोगाशी संबंध नसतो.


सांधेपुराण :

मी माणसांचे सांधे पाहणारा डॉक्टर आहे. वरील प्रतिसादातील सावधगिरी मला मान्य आहे, परंतु धाग्याचा तोल केवळ 'हे आमवाताचे नसेल' या बाजूला जाऊ नये, म्हणून माणसात काय दिसते ते सांगतो.

रुग्णांमध्ये वायुमार्गाचे आजार खरे आहेत आणि विरळा नाहीत. श्वसनी कायमच्या रुंदावणे, ज्याला आपण ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतो, हे बारकाईच्या सीटी स्कॅनवर पुष्कळ रुग्णांत आढळते आणि त्यातील अनेकांची त्याबद्दल काही तक्रार नसते. फॉलिक्युलर ब्रॉन्किओलायटिसमध्ये श्वसनिकांच्या भिंतीत जननकेंद्रांसह लसिकापेशींचे पिंड तयार होतात आणि नळी बाहेरून दाबली जाते. ऑब्लिटरेटिव्ह ब्रॉन्किओलायटिसमध्ये श्वसनिकेच्या आतल्या थराखाली तंतुमय ऊती वर्तुळाकार साचत जाते आणि शेवटी नळीच्या जागी केवळ व्रण उरतो. १९७७ साली आमवाताच्या रुग्णांत तिचे जे वर्णन झाले, त्यातील काही रुग्ण पेनिसिलामाइन हे आमवाताचे औषध घेत होते, त्यामुळे रोग की औषध हा वाद तेव्हापासूनचा आहे. आपण ज्या गठ्ठ्याबद्दल विचारता त्याचे मानवी रूप २००६ साली नीट तपासले गेले. आमवाताच्या फुफ्फुसविकारग्रस्तांत अशी नवनिर्मित लसिकाभ ऊती सापडली आणि सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीही तिच्या आसपास आढळल्या.

याचा अर्थ फार मोठा आहे. आर्जिनिन या अमिनो आम्लाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर झालेली प्रथिने, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे आणि आमवात यांचे नाते आपण जाणतोच. ही प्रतिपिंडे रक्तात सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. धूम्रपानाने वायुमार्गात सिट्रुलिनीकरण वाढते आणि प्रतिकारशक्तीशी निगडित अशी विशिष्ट एचएलए जनुके असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत प्रतिपिंडयुक्त आमवाताचा धोका अनेक पटींनी वाढतो. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत पण सांधे अजून निर्दोष आहेत, अशांच्या सीटी स्कॅनमध्येही वायुमार्गाच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या आहेत. म्हणजे वायुमार्ग हा रोगाचा शेवटचा मुक्काम नसून काही रुग्णांत तो उगमच असावा, असा विचार आता बराच रुजला आहे.

आता प्राणी-मॉडेलकडे परत या. ज्या मॉडेलमध्ये रोग शेपटीत सुई खुपसून सुरू केला जातो, ते मॉडेल 'रोग फुफ्फुसात सुरू होतो का' या प्रश्नाचे उत्तर कसे देणार? ते फार तर एवढे सांगेल की संपूर्ण शरीरात दाह पेटल्यावर वायुमार्ग त्याला कसा प्रतिसाद देतो. हा प्रश्नही मोलाचा आहे, पण तो वेगळा आहे. माझ्या मते अर्धा गोंधळ हे दोन प्रश्न एका वाक्यात लिहिल्यामुळे होतो.


ऊतीवाचक (धागाकर्ता) :

दोघांचेही आभार. माझ्या पेटीत ॲडज्युव्हंट-मात्र गट नाही, हे आत्ता तपासून पाहिले. 'नियंत्रण' म्हणून जे प्राणी आहेत त्यांना केवळ क्षारद्रव टोचलेला आहे. प्राणी डीबीए/१ माउसच आहेत, त्यामुळे गठ्ठ्याला काही अर्थ उरतो असे धरून चालतो.


तंतू_आणि_जंतू :

'सांधेपुराण' यांच्या शेवटच्या मुद्द्याला थोडी हरकत घेतो. शेपटीतील सुई हे एकच मॉडेल नाही.

एसकेजी नावाचे माउस घ्या. बॅल्ब/सी जातीतील या माउसच्या झॅप-७० या प्रथिनाच्या जनुकात एक बिंदू-उत्परिवर्तन आहे, ज्यामुळे टी पेशींना मिळणारा संदेश क्षीण होतो आणि स्वतःच्याच ऊतींवर उलटणाऱ्या ज्या टी पेशी थायमस ग्रंथीत नष्ट व्हायला हव्या होत्या त्या निसटून बाहेर येतात. २००३ साली हे प्रसिद्ध झाले. स्वच्छ वातावरणात हे प्राणी बहुधा ठीक राहतात. झायमोसान किंवा तत्सम बीटा-ग्लुकान, म्हणजे बुरशीच्या पेशीभित्तिकेतील शर्करा, दिली की सांधे सुजतात आणि त्यांच्यातील काहींच्या फुफ्फुसातही दाह व तंतुमयता येते. येथे कोलॅजन नाही आणि क्षयजंतूंचे तेलही नाही. दोष असा की फुफ्फुसातील मुख्य बदल आंतरस्थ ऊतीत असतो आणि वायुमार्ग त्यात ओढला जातो तो शेजारी म्हणून.

के/बीएक्सएन माउसमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेट आयसोमरेज या सर्वत्र आढळणाऱ्या विकराविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. २०१७ साली त्यांच्यात असे दाखवले गेले की आतड्यात राहणारे विशिष्ट तंतुमय जीवाणू टीएच१७ या दाह वाढवणाऱ्या टी पेशींची जी फळी उभी करतात, ती फुफ्फुसात पोचते आणि सांधे सुजण्याच्या आधीच्या टप्प्यात तेथे विकृती निर्माण करते. 'आधी फुफ्फुस, मग सांधा' हा क्रम प्राण्यात पाहायचा असेल तर मला हे उदाहरण सर्वांत बोलके वाटते, जरी त्याची सुरुवात फुफ्फुसात नव्हे तर आतड्यात होत असली तरी.

टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाचे मानवी जनुक घातलेले माउस १९९१ पासून आहेत. त्यांत सांध्यांसह फुफ्फुसातील आंतरस्थ दाह आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींचे जाड होणे दिसते. एका वाणात तर माद्या फुफ्फुसातील वाढलेल्या रक्तदाबाने लवकर दगावतात.

आणि कोलॅजन मॉडेललाही एक जोड देता येते. त्याच डीबीए/१ प्राण्यांना कोलॅजनसोबत नाकावाटे रोज जीवाणूंचे एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातील विष) किंवा शेतघरातील धुळीचा अर्क दिला, की दोन्ही आघात मिळून सांध्यांचा रोगही वाढतो आणि फुफ्फुसात तंतुमयतेकडे झुकणारे बदलही नुसत्या एका आघातापेक्षा अधिक दिसतात. वायुमार्गाचा प्रश्न विचारायचा असेल तर आघात वायुमार्गातूनच द्यावा, हे त्यामागील साधे तर्कशास्त्र आहे.


सांधेपुराण :

हरकत मान्य आहे. माझे वाक्य कोलॅजन मॉडेलपुरतेच वाचावे. फक्त शेवटच्या उदाहरणात चार गट लागतील : काहीच नाही, फक्त कोलॅजन, फक्त धूळ आणि दोन्ही. धूळ एकटीही श्वसनिकांभोवती लसिकापेशी गोळा करते, त्यामुळे 'फक्त धूळ' या गटाशिवाय काहीही सिद्ध होणार नाही.


रोजची_गोळी :

मी या क्षेत्रातील नाही. मला नऊ वर्षांपासून आमवात आहे आणि गेल्या वर्षी माझ्या सीटी स्कॅनच्या अहवालात 'श्वसनींच्या भिंती किंचित जाड' असे लिहिलेले होते. धागा पूर्ण वाचला, अर्धा समजला. माझा प्रश्न बाळबोध वाटेल, पण माणसाची फुफ्फुसे स्कॅनवर दिसत असताना उंदराच्या फुफ्फुसाचे काप का करायचे?


सांधेपुराण :

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. स्कॅनवर भिंत जाड दिसते, पण ती सुजेमुळे जाड आहे, श्लेष्मामुळे, स्नायूमुळे की व्रणामुळे, हे स्कॅन सांगत नाही. ते सांगायला ऊतीचा तुकडा लागतो आणि निव्वळ कुतूहलापोटी आपल्यासारख्या रुग्णाच्या श्वसनिकेचा तुकडा काढणे योग्य नाही. त्यातच आपण औषधे घेता, कदाचित पूर्वी संसर्ग झाला असेल, कदाचित धूर-धुळीत वावरला असाल; या साऱ्यांचे धागे एकमेकांत अडकलेले असतात. प्राण्यात ते एकेक करून सोडवता येतात. आपल्या अहवालाबद्दल मात्र येथे कोणी मत देऊ नये. ज्यांनी स्कॅन करायला सांगितला त्यांनाच तो दाखवून फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी लागेल का हे विचारावे.


मोजपट्टी :

धागाकर्त्यांच्या 'माझ्या डोळ्यांचा' या शब्दांवर कोणी बोलले नाही, म्हणून मी बोलतो. वायुमार्गातील बदलांचा निम्मा वाद मोजणीतच मिटतो किंवा पेटतो.

पहिले, फुफ्फुस फुगवून स्थिर केले होते का? छाती उघडली की फुफ्फुस मिटते, श्वसनिका सुरकुततात आणि मिटलेल्या नळीची प्रत्येक भिंत जाड दिसते. श्वासनलिकेतून फॉर्मेलिन हा ऊती टिकवणारा द्रव ठरावीक दाबाने, साधारण २० ते २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने, भरला नसेल तर जाडीबद्दल एक अक्षरही लिहू नये. मी हे पुस्तकातून शिकलो नाही. एका खेपेत आम्ही निम्मी फुफ्फुसे सकाळी टांगलेल्या बाटलीने भरली आणि उरलेली दुपारी घाईने सिरिंजने. योगायोगाने दुपारचे बहुतेक प्राणी रोगाच्या गटातले होते. सिरिंजने भरलेली फुफ्फुसे कुठे जास्त फुगली होती, कुठे कोरडीच राहिली होती. तीन महिने आम्ही ज्याला भिंतीचे जाड होणे समजत होतो, ते अंगठ्याच्या दाबातील फरक निघाले.

दुसरे, नळी तिरकी कापली गेली तर भिंत आपोआप जाड दिसते. म्हणून छेदाचा लहान व्यास मोठ्या व्यासाच्या निम्म्याहून कमी असेल तर ती श्वसनिका मोजणीतून वगळण्याची पद्धत आहे. उरलेल्यांत भिंतीचे क्षेत्रफळ सरळ न देता तळपटलाच्या (अभिस्तराखालच्या पातळ पडद्याच्या) परिघाच्या प्रमाणात द्यावे, कारण नळी आकुंचली तरी तळपटल दुमडते, त्याची लांबी फारशी बदलत नाही. मोठ्या आणि लहान श्वसनिका एकाच सरासरीत मिसळू नयेत.

तिसरे, श्रेणी. अनेक जण ॲशक्रॉफ्ट श्रेणी लावतात. १९८८ सालची ही शून्य ते आठ अशी श्रेणी वायुकोशांच्या भागातील तंतुमयतेसाठी आहे. श्वसनिकेभोवती घट्ट कडे झाले असले आणि वायुकोश मोकळे असले तर ती श्रेणी शून्याच्या आसपास येईल आणि अहवालात 'बदल नाही' असे छापले जाईल. वायुमार्ग दुर्लक्षित राहण्याचे एक कारण हेच आहे, असे मला वाटते.

चौथे, फुफ्फुस धुऊन पेशी मोजायच्या असतील तर त्याच बाजूचे काप करू नयेत. धुताना श्लेष्मा वाहून जातो आणि सैल झालेला अभिस्तर सोलला जातो. माउसचे डावे फुफ्फुस एकाच खंडाचे असते. ते बांधून कापांसाठी राखावे आणि उजवीकडचे चार खंड धुवावेत.

आणि शेवटी, एका प्राण्यातील वीस श्वसनिका म्हणजे वीस निरीक्षणे नव्हेत. संख्या प्राण्यांची मोजायची. एका पिंजऱ्यातले सर्व प्राणी एकाच गटात असतील तर तीही संख्या फसवी असते.


ऊतीवाचक (धागाकर्ता) :

फुफ्फुसे कशी भरली होती हे विचारले. उत्तर आले : 'भरली नव्हती, थेट बरणीत टाकली.' म्हणजे ट्रायक्रोममधील जाड निळी कड या चर्चेतून बाद झाली. पीएएसमधील किरमिजी पेशी आणि लसिकापेशींचा गठ्ठा एवढे दोनच मुद्दे उरतात आणि ते बरणीमुळे निर्माण होत नाहीत. निरोगी माउसच्या खोल श्वसनिकांत श्लेष्मा साठवणाऱ्या पेशी जवळपास नसतात, त्यामुळे त्यांची संख्या कमी असली तरी मी त्यांना महत्त्व देईन.

एक कबुलीही देतो. सुरुवातीच्या दिवसांत एका स्लाइडवर मी 'श्वसनीभोवती स्नायूंची लक्षणीय वाढ' असे लिहून मोकळा झालो होतो. वरिष्ठांनी ती स्लाइड पाहून मला फक्त भिंगाची ताकद वाढवायला सांगितली. स्नायूंवर आडव्या रेघा होत्या. ती श्वसनी नव्हतीच, शिर होती. माउसच्या फुफ्फुसातील शिरांच्या भिंतीत हृदयाचा स्नायू शिरलेला असतो, हे मला ठाऊक नव्हते.


पिंजरा_क्रमांक_सात :

ती चूक प्रत्येक जण एकदा करतो.

एक मुद्दा अजून कोणी काढला नाही, तो कास्थीचा. टोचलेले कोलॅजन दुसऱ्या प्रकारचे आहे आणि ते केवळ सांध्यात नसते. श्वासनलिकेच्या कड्यांतही असते. मग प्रतिपिंडे तेथे का जाऊ नयेत? माउसमध्ये कास्थी श्वासनलिकेत आणि फुफ्फुसाबाहेरील मुख्य श्वसनींतच असते. फुफ्फुसात शिरल्यावर ती संपते. त्यामुळे आपण डाव्या खंडाचे कितीही काप घेतले तरी हा बदल कधीच दिसणार नाही. तो पाहायचा तर श्वासनलिका वेगळी काढून तिचे आडवे छेद घ्यायला हवेत आणि कास्थीतील प्रोटिओग्लायकन दाखवणारे सॅफ्रानिन किंवा टोल्युइडिन ब्लू रंजन करायला हवे. मेंढीच्या बाबतीत गणित वेगळे आहे : तिच्या फुफ्फुसाच्या आतपर्यंत श्वसनींना कास्थी आणि श्लेष्मग्रंथी असतात, माणसासारख्या, आणि जिवंत मेंढीच्या श्वसनीतून दुर्बिणीने एकाच प्राण्याचे नमुने वेगवेगळ्या आठवड्यांत घेता येतात. वायुमार्ग हाच मुख्य विषय असेल तर मोठा प्राणी परवडत नाही म्हणून माउस घेतला, हे निदान प्रामाणिकपणे लिहावे.


सांधेपुराण :

कास्थीचा मुद्दा रंजक आहे, पण त्यात एक मेख आहे. मॅट्रिलिन-१ हे प्रथिन श्वासनलिका, नाक आणि कान यांच्या कास्थीत असते, प्रौढ सांध्याच्या कास्थीत मात्र नसते. ते टोचलेल्या रॅटमध्ये श्वसनमार्गाच्या कास्थीचा दाह होतो आणि सांधे वाचतात. हे चित्र आमवाताचे नसून रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस या वेगळ्या रोगाचे आहे. उलट दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनने काही रॅटमध्ये सांध्यांबरोबर कानाची कास्थीही सुजते. म्हणून कोलॅजन मॉडेलमध्ये श्वासनलिकेची कडी दुखावलेली दिसली, तर ती 'आमवाताचे वायुमार्गातील रूप' म्हणून लिहिण्यापूर्वी विचार करावा. आमवाताच्या रुग्णात श्वासनलिकेची कास्थी सहसा विरघळत नाही. तो मॉडेलचा स्वतःचा गुण आहे, रोगाचा नव्हे.

मात्र स्वरयंत्राची गोष्ट वेगळी. क्रिकोॲरिटेनॉइड हा स्वरयंत्रातला सांधा गुडघ्यासारखाच, अस्तर आणि वंगण असलेला, खरा सांधा आहे. आमवातात तो सुजतो, आवाज घोगरा होतो, कधी श्वास अडतो आणि भूल देताना नळी घालणे अवघड होते. वायुमार्गात बसलेला सांधा म्हणावा असा तो आहे. धागाकर्त्यांनी त्याबद्दल काही पाहिले आहे का?


ऊतीवाचक (धागाकर्ता) :

आत्ताच विचारून आलो. पंजे घेणारा गट पंजे कापून नेतो. फुफ्फुसे घेणारा गट श्वासनलिका गळ्याखाली कापतो आणि तिथून खालचा भाग घेतो. मधला भाग डोक्यासोबत टाकून दिला जातो; आजवरच्या एकाही प्राण्याचे स्वरयंत्र ठेवलेले नाही.

पुढच्या खेपेचा कागद मी पुन्हा लिहून दिला आहे. त्यात ॲडज्युव्हंट-मात्र गट आहे, टांगलेली बाटली आहे, श्वासनलिकेसाठी वेगळी बरणी आहे, आणि काप जिभेच्या मुळापासून घ्यायचा आहे. स्वरयंत्राला कॅल्शियम काढून टाकणाऱ्या द्रवात किती दिवस ठेवावे लागेल, हे कोणी केले असल्यास सांगावे. पंज्यांचा हिशेब मला माहीत आहे, या हाडापुरता नाही.


पिंजरा_क्रमांक_सात :

हाड नाही, बरीचशी कास्थीच आहे, त्यामुळे पंज्यापेक्षा कमी वेळ पुरेल. ईडीटीए वापरा, आम्ल नको. नंतर प्रतिपिंड लावून रंजन करायचे झाले तर आम्लाने प्रथिने खराब होतात. रोज एक नमुना मऊ झाला का ते सुईने टोचून पाहा. आडवे छेद क्रिकॉइडच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या तळाच्या कास्थीकड्याच्या, वरच्या कडेपासून सलग घ्या, एकही फेकू नका; तो सांधा माउसमध्ये इतका लहान आहे की थोड्याच कापांत निघून जातो.